‘लिल्या फोर-एव्हर’: चित्रपट वेश्याव्यवसायावरचा, पण त्याचा मोठा भाग स्वीडनला पोहोचण्याआधीच का घडतो?

‘बघितल्यावर झोप लागणार नाही असे चित्रपट’ अशी एखादी यादी तुमच्या फीडवर आली असेल, तर त्यात ‘लिल्या फोर-एव्हर’ असण्याची शक्यता बरीच आहे. २००२ सालचा स्वीडिश चित्रपट, दिग्दर्शक लुकास मूडिसन. संवाद मात्र बहुतेक रशियन, आणि ही भाषा दिग्दर्शकाला स्वतःला येत नव्हती. यादीत त्याच्याबद्दल एवढंच लिहिलेलं असतं की फार उदास आहे. उदास तर आहेच. पण ती उदासी कुठून येते, हे समजून घेण्यासारखं आहे.

लिल्या १६ वर्षांची. पूर्वीच्या सोव्हिएत संघातल्या कुठल्यातरी शहरात राहते. चित्रीकरण झालं एस्टोनियातल्या पाल्दिस्कीत. तिथे एकेकाळी सोव्हिएत अणुपाणबुड्यांचं प्रशिक्षण केंद्र होतं. सैन्य निघून गेलं, रिकाम्या इमारती उरल्या. चित्रपटात दिसणारा ओसाडपणा खराखुरा आहे.

तर होतं असं की, लिल्याची आई प्रियकराबरोबर अमेरिकेला निघते. ‘तुला नंतर बोलावून घेऊ’ म्हणते. मुलगी गाडीमागे धावत चिखलात पडते. मग मावशी येते, लिल्याला एका घाणेरड्या खोलीत हलवते आणि चांगला फ्लॅट स्वतःला ठेवते. बिल थकतं, वीज जाते. मैत्रीण क्लबमध्ये जाऊन पैसे कमावते. घरी पकडली गेल्यावर ‘हे पैसे लिल्याचे’ असं सांगून मोकळी होते. त्या रात्री लिल्यानं नकार दिलेला असतो, पण वस्तीत नाव तिचंच खराब होतं. मग आईचं पत्र येतं, तेही तिला नाही, सरकारी कार्यालयाला: मुलीची जबाबदारी मी सोडते आहे.

इथपर्यंत एकही दलाल आलेला नाही, हे लक्षात घ्या.

उरतो फक्त वोलोद्या. बापानं घराबाहेर काढलेला लहान मुलगा. पैसे संपतात तेव्हा लिल्या स्वतःच क्लबमध्ये जाते, आणि त्या कमाईतून वोलोद्याला बास्केटबॉल आणते. त्याचा बाप तो फोडतो.

मग आंद्रेई भेटतो. गोड बोलतो, फिरायला नेतो, स्वीडनमध्ये भाजी तोडायचं काम मिळेल म्हणतो. हिवाळ्यात कसली भाजी, असा प्रश्न त्या छोट्या पोराला पडतो, लिल्याला नाही. मूर्ख म्हणून नव्हे. तिच्याकडे इतकं कमी उरलंय की शंका घेणं तिला परवडत नाही. माझ्या मते अख्ख्या चित्रपटाचा कणा हाच आहे.

स्वीडनच्या विमानतळावर उतरताच पासपोर्ट काढून घेतला जातो, फ्लॅटला बाहेरून कुलूप लागतं. पुढच्या प्रसंगांत मूडिसननं एक महत्त्वाचा निर्णय घेतला. कॅमेरा लिल्याच्या डोळ्यांच्या जागी ठेवला. पडद्यावर तिचं शरीर नाही. एकामागून एक पुरुषांचे चेहरे, अगदी जवळून. भूमिका करणारी ओक्साना अकिनशिना तेव्हा स्वतः शाळकरी वयाची होती, त्यामुळे हा निर्णय सभ्यतेचाही म्हणता येईल. पण परिणाम वेगळाच होतो. वेश्याव्यवसायावरच्या चित्रपटांत आपण नेहमी बाईकडे बघत असतो. इथे गिऱ्हाइकाकडे बघावं लागतं.

या कथेमागे एक खरी घटना आहे. लिथुआनियाहून आणलेल्या १६ वर्षांच्या एका मुलीनं जानेवारी २००० मध्ये स्वीडनच्या माल्मो शहरात पुलावरून उडी मारली. काही दिवसांनी तिचा मृत्यू झाला. तिच्याजवळ सापडलेल्या पत्रांतून तिचे हाल समोर आले.

त्या वेळी स्वीडनचा एक कायदा जगभर गाजत होता. १ जानेवारी १९९९ पासून तिथे पैसे देऊन शरीरसंबंध विकत घेणं गुन्हा ठरलं, विकणं नाही. म्हणजे शिक्षा गिऱ्हाइकाला, बाईला नाही. मात्र लैंगिक शोषणासाठीच्या मानवी तस्करीवर स्वतंत्र कलम आलं ते १ जुलै २००२ ला. चित्रपट स्वीडनमध्ये प्रदर्शित झाला त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. पुढे नॉर्वे, आइसलँड, कॅनडा, फ्रान्स, आयर्लंड यांनीही गिऱ्हाइकाला गुन्हेगार ठरवणारे कायदे केले.

चित्रपट थिएटरपुरता राहिला नाही. स्वीडनमध्ये तो शाळकरी मुलांना दाखवला गेला. मोल्दोव्हात, जिथून अशा मुली नेल्या जात, तिथे तस्करीबद्दल सावध करण्यासाठी त्याचे खेळ झाले.

इथेच वादही सुरू होतो. देहविक्रय करणाऱ्यांच्या अनेक संघटनांचं म्हणणं असं की, स्वीडनसारख्या कायद्यामुळे धंदा लपूनछपून चालतो आणि बायकांचा धोका वाढतो. सगळ्याच जणी लिल्यासारख्या कोंडलेल्या नसतात, हेही त्या सांगतात. दुसरा आक्षेप असा की, पूर्व युरोप चित्रपटात निव्वळ चिखल आणि भकास इमारतींचा दिसतो. हा आक्षेप मला अर्धाच पटतो, कारण इथला स्वीडनही काही उजळ नाही. कुलूप तिथलं, गाडी तिथली, आणि ते चेहरेही तिथलेच.

खटकतात ते पंख लावलेल्या देवदूतांचे प्रसंग. गोळ्या खाऊन मेलेला वोलोद्या पंख लावून लिल्याला भेटायला येतो. काहींना त्यात दिलासा वाटतो, मला ते जरा जास्तच गोड वाटलं. पण मूडिसन शेवट लपवत नाही. चित्रपट सुरूच होतो तो जखमी चेहऱ्यानं पुलाकडे पळणाऱ्या लिल्यावर, आणि पुढची सगळी १०० हून अधिक मिनिटं आपण ती तिथे कशी पोहोचली हेच बघत असतो.