युद्धाने रिकामं झालेलं जंगल पुन्हा कसं भरलं? गोरोंगोसाच्या सफारीला जाण्याआधी हे वाचा

मंडळी, आफ्रिकेतली सफारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर केनियाचं मसाई मारा किंवा टांझानियाचं सेरेंगेटी येतं. पण मोझांबिक देशाच्या मध्यभागी एक असं जंगल आहे, जे एकदा जवळजवळ संपलं होतं आणि आता पुन्हा उभं राहिलंय. त्याचं नाव गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यान. इथे सफारीला गेलात तर प्राणी तर दिसतीलच, पण त्यांच्या वागण्यात आणि अगदी शरीरातही तुम्हाला एक जुनं युद्ध दिसेल. कसं? चला, जाणून घेऊया.

जंगल रिकामं कसं झालं?

१९६० मध्ये पोर्तुगीज सरकारने गोरोंगोसाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला. त्या काळी इथे हजारो रानम्हशी, पाणघोडे, झेब्रे आणि दोन हजारांहून अधिक हत्ती होते. १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाला आणि दोनच वर्षांत यादवी युद्ध पेटलं. ते १९९२ पर्यंत चाललं. त्यातली बरीच लढाई याच परिसरात झाली. सैनिकांनी पोट भरायला प्राणी मारले आणि शस्त्रं घ्यायला हस्तिदंत विकलं. युद्ध थांबल्यावरही शिकार थांबली नाही. शेवटी मोठ्या प्राण्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीसे झाले. संशोधकांच्या आकड्यांनुसार १९७२ मध्ये २,५४२ हत्ती होते, २००० मध्ये उरले २४२.

मग परत कसं भरलं?

२००४ मध्ये ग्रेग कार नावाचे अमेरिकन उद्योजक इथे आले. व्हॉइसमेलच्या धंद्यात त्यांनी पैसा कमावला होता. २००८ मध्ये त्यांच्या संस्थेने मोझांबिक सरकारशी २० वर्षांचा करार केला आणि दोघांनी मिळून उद्यान चालवायला घेतलं. पुढे हा करार आणखी २५ वर्षांनी वाढवण्यात आला.

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर उद्यानातून रानम्हशी आणल्या, मग विल्डबीस्ट आले. सुरुवातीला त्यांना कुंपणाच्या आत सांभाळलं, मग मोकळं सोडलं. २०१८ मध्ये १४ आफ्रिकन रानकुत्रे आले. सिंह मात्र बाहेरून आणावे लागले नाहीत. मूठभर उरले होते, त्यांना तारेच्या फाशांपासून आणि लोखंडी सापळ्यांपासून वाचवलं आणि ते आपोआप वाढले. आज इथे शंभराहून अधिक सिंह आहेत.

पण सगळं पूर्वीसारखं झालं का?

नाही, आणि हीच यातली खरी रंजक गोष्ट आहे. उरेमा सरोवराच्या काठच्या गवताळ मैदानात तुम्हाला वॉटरबक नावाच्या, हरणासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांचे कळपच्या कळप दिसतील. युद्धाआधी ते साडेतीन हजारांच्या आसपास होते. २०१८ च्या मोजणीत ते ५०,००० च्या वर गेले! खाणारे सिंह कमी, गवताला वाटेकरी असलेल्या म्हशी आणि पाणघोडेही कमी, मग मैदान त्यांचंच. एरवी झाडीत लपून राहणारा बुशबकही बिबटे नाहीत म्हटल्यावर उघड्या मैदानात चरायला लागला होता. संशोधकांनी बिबट्याचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवला, तेव्हा तो पुन्हा झाडीच्या आसऱ्याला गेला. म्हणजे जंगलात नुसते प्राणी परतून भागत नाही, भीतीही परतावी लागते.

बिनसुळ्यांच्या हत्तिणी

आपल्याकडे मोठे सुळे फक्त नर हत्तींना असतात, आफ्रिकेत मात्र माद्यांनाही असतात. गोरोंगोसात युद्धाआधी सुमारे १८.५ टक्के माद्यांना सुळे नव्हते. युद्धानंतर वाचलेल्या माद्यांत हे प्रमाण जवळपास ५१ टक्के झालं. कारण सरळ आहे, ज्यांना सुळे होते त्या मारल्या गेल्या. युद्धानंतर जन्मलेल्या माद्यांतही साधारण तिघींपैकी एकीला सुळे नाहीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हा बदल एक्स गुणसूत्रावरच्या जनुकाशी जोडलेला आहे. मादीकडे दोन एक्स असल्याने ती जगते, पण नर गर्भाला तोच एक्स मिळाला तर तो जन्माआधीच दगावतो. शिकारीपासून वाचवणारी गोष्ट पुढच्या पिढीकडून अशी किंमत वसूल करते.

हत्ती साठ वर्षांपर्यंत जगतात. त्यामुळे कळपाची म्होरकी असलेली म्हातारी हत्तीण युद्ध पाहिलेली असू शकते. इथले हत्ती गाड्यांवर धावून येण्यासाठी ओळखले जात. म्हणून गाईड अंतर ठेवायला, गप्प बसायला सांगेल तेव्हा हट्ट करू नका. फोटो थोडा लांबून आला तरी चालेल.

माणसांचं काय?

उद्यानाच्या भोवती सुमारे दोन लाख लोक राहतात आणि त्यातले बहुतेक गरीब शेतकरी आहेत. हत्तीने मक्याचं शेत तुडवलं तर त्या घराचं वर्षच जातं. म्हणून इथे मधमाश्यांच्या पेट्यांचं कुंपण करून पाहिलं गेलं. हत्ती मधमाश्यांना घाबरतात आणि शेतकऱ्याला मधही मिळतो. गोरोंगोसा डोंगरावर सावलीतल्या कॉफीची लागवड होते, म्हणजे जंगल तोडण्यापेक्षा राखण्यात कमाई. गावागावांत मुलींचे क्लब चालतात, जेणेकरून शाळा आणि बालविवाह यांतून त्यांच्या वाट्याला शाळा यावी. देशाच्या नियमानुसार उद्यानाच्या शुल्कातला २० टक्के वाटा स्थानिक लोकांना जातो. थोडक्यात, तुमच्या तिकिटाचे काही पैसे त्या मक्याच्या शेतापर्यंत पोहोचतात.

जायचं असेल तर...

पाऊस तिथे साधारण डिसेंबर ते मार्च असतो, त्या काळात मैदानं पाण्याखाली जातात. एप्रिल ते नोव्हेंबर हा बरा काळ. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणवठे आटतात आणि प्राणी उरलेल्या पाण्याजवळ गोळा होतात. मुक्कामाचं मुख्य ठिकाण म्हणजे चितेंगो कॅम्प. तिथून बेइरा आणि शिमोयो ही जवळची विमानतळाची शहरं. मलेरियाबद्दल डॉक्टरांशी बोला आणि निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवास सूचना नक्की बघा.

आणि हो, 'सिंहांचं घर' दाखवायला सांगा! पूरमैदानात बांधलेला जुना कॅम्प पाण्यामुळे माणसांनी सोडला आणि तिथे सिंह राहायला गेले. छतावर बसून ते मैदान न्याहाळायचे.

तर मंडळी, पुढच्या वेळी कोणी म्हणालं की एकदा उजाड झालेलं जंगल परत येत नाही, तर त्यांना गोरोंगोसाची गोष्ट सांगा. येतं, पण पिढ्या लागतात, आणि जुने घाव अंगावर घेऊनच येतं.