चिठ्ठीतला पाच

भिवंडी-मालेगावात उर्दू शाळेत शिकलेला मालक आणि मराठीत शिकलेला दिवाणजी, ही जोडी नेहमीची. एकदा मी १५ ताग्यांची चिठ्ठी उर्दू अंकांत लिहून गोदामात पाठवली. उर्दूचा पाच गोल, अगदी मराठी शून्यासारखा. दिवाणजींनी टेम्पोत १० तागेच भरले. गिऱ्हाइकाचा फोन येताच मी त्यांच्यावरच भडकलो. चूक माझी होती. माफी मागायला मात्र दोन दिवस लावले! सूरह बकराच्या २८२व्या आयतीत मुदतीचा उधार व्यवहार लिहून ठेवण्यास फर्मावले आहे. पण वाचणाऱ्याला वेगळेच कळले तर? आता मी आकडा मराठी अक्षरांतही लिहितो. यंत्रमागाच्या खडखडाटात तोंडी सांगणे तर अर्धेच पोहोचते, म्हणून कारागिराला बाहेर बोलावतो आणि ऑर्डर त्याच्याच तोंडून परत ऐकतो.