‘डोळ्यांना सुरक्षित’ छापण्याआधी थांबा!

काजळ, हर्बल शॅम्पू, बेबी सोप… कमी भांडवलात सुरू होतं म्हणून बरेच जण या धंद्याकडे वळतात. आणि लेबलवर पहिली ओळ काय? ‘डोळ्यांना १०० टक्के सुरक्षित’. पुरावा विचारला की उत्तर येतं, “अहो, सगळं नैसर्गिक आहे!” लिंबूपण नैसर्गिकच आहे. डोळ्यात पिळून बघाल का?

१९३३ च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्युअर’ नावाचा पापण्यांचा डाय विकला जायचा. त्याने काही स्त्रियांची दृष्टी गेली, एकीचा जीव गेला. १९३८ साली तिथे सौंदर्यप्रसाधनं कायद्याखाली आली. १९४४ मध्ये जॉन ड्रेझ यांची चाचणी आली: सशाच्या डोळ्यात पदार्थ घालायचा आणि लाली, सूज बघून गुण द्यायचे.

भारतात २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला बंदी आहे. मग तपासायचं कसं? एका पद्धतीत मानवी पेशींपासून लॅबमध्ये डोळ्याच्या पारदर्शक पडद्यासारखा थर वाढवतात. त्यावर पदार्थ ठेवतात, ठरलेल्या वेळाने धुतात आणि किती पेशी जगल्या ते मोजतात. ६० टक्क्यांपेक्षा जास्त जगल्या, तर तो पदार्थ डोळ्याला इजा करणाऱ्या वर्गात धरत नाहीत.

आता तुमच्या कामाचं:

१. विक्रीसाठी बनवताय, तर घरून असलं तरी कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे लायसन्स लागतं. स्वतःचं युनिट नसेल, तर लायसन्स असलेल्या दुसऱ्याच्या युनिटमध्ये ‘लोन लायसन्स’वर माल बनवता येतो.

२. आधी फॉर्म्युला पक्का करा, मग टेस्ट. नंतर सुगंध किंवा फेसाचं द्रव्य बदललं, तर जुना रिपोर्ट नव्या मालाला चालत नाही.

३. त्वचेचा रिपोर्ट डोळ्यासाठी वापरू नका. दोन्ही चाचण्या वेगळ्या.

४. काजळात शिसं आणि जंतू, दोन्ही तपासून घ्या.

५. हाताने बनवलेल्या साबणाचा पीएच साधारण ९ ते १० असतो, अश्रूंचा ७.४ च्या आसपास. तो साबण डोळ्यात गेला की झोंबणारच. त्यावर ‘टिअर-फ्री’ लिहू नका.

टेस्टिंगचा खर्च पहिल्या दिवसापासून भांडवलात धरा. रिपोर्ट हातात नसेल, तर ती ओळ लेबलवरून काढा. माल परत घेता येतो, पैसे परत देता येतात. गिऱ्हाईकाचा डोळा परत देता येत नाही.