चार पोस्टकार्डांवर धावणारी गाडी

मित्रांनो, आधी एक सोपं गणित सोडवा बघू.

एका मोटारीचं वजन आहे १२०० किलो. ते चार चाकांवर सारखं वाटलं, तर एका चाकावर किती आलं? ३०० किलो. शाबास! आता टायरमध्ये हवा आहे ३० पौंड. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो दाब. मग हे ३०० किलो पेलायला टायरचा केवढा भाग जमिनीला टेकायला हवा? ३०० भागिले २.१. उत्तर येतं सुमारे १४३ चौरस सेंटिमीटर.

आपलं पोस्टाचं कार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असतं. म्हणजे एवढी मोठी गाडी जमिनीला धरून असते ती फक्त चार जागी, आणि प्रत्येक जागा पोस्टकार्डाहून जराशी मोठी! ब्रेक लावणं, वळणं, वेग घेणं, सगळं काही या चार पोस्टकार्डांच्या जोरावर चालतं.

ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणारी स्पोर्ट्स कार एका सेकंदात ५५ मीटर पुढे जाते. कबड्डीची चार मैदानं एकापुढे एक लांबीला लांबी जोडली, तरी त्याहून थोडं जास्तच. त्या वेगात एखादं पोस्टकार्ड जमिनीवरून उचललं गेलं तर काय होईल, विचार करा! म्हणूनच वेगाच्या शौकिनांना इंजिनाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त काळजी टायरची आणि सस्पेन्शनची असते.

शर्यत नाही, सराव

जगात अनेक ठिकाणी 'ट्रॅक डे' भरतात. त्या दिवशी आपली गाडी घेऊन, पैसे भरून बंदिस्त शर्यतमार्गावर ती चालवता येते. तिथे समोरून वाहन येत नाही, गाय आडवी येत नाही, मुलं रस्ता ओलांडत नाहीत. डोक्यावर हेल्मेट असतं. तिथे पहिला नंबर नसतो, बक्षीस नसतं. आपल्याला किती येतं, एवढंच बघायचं. आपल्या देशातही चेन्नईजवळ, कोईमतूरला आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला असे मार्ग आहेत.

यात सगळ्यांत प्रसिद्ध आहे जर्मनीतला न्यूरबुर्गरिंग. आयफेल नावाच्या डोंगराळ भागात १९२७ साली हा मार्ग सुरू झाला. त्याचा उत्तरेकडचा वळसा २०.८ किलोमीटर लांबीचा आहे. दाट झाडीतून तो चढतो, उतरतो, वळतो. सर्वांत उंच आणि सर्वांत खालच्या जागेत सुमारे ३०० मीटरचा फरक! जॅकी स्ट्युअर्ट या नामवंत चालकाने त्याला 'हिरवा नरक' असं नाव दिलं. ठरलेल्या दिवशी तिकीट काढून साधी माणसंही आपली गाडी तिथे नेऊ शकतात. मात्र गाडी रस्त्यावर चालवायला कायद्याने योग्य हवी, आणि त्या दिवशी घड्याळ लावून शर्यत खेळायला बंदी असते. इतर दिवशी काही संस्था हा मार्ग भाड्याने घेऊन तिथे ट्रॅक डे भरवतात.

टायर कोणता घ्यायचा?

टायर ढोबळमानाने तीन तऱ्हांचे असतात. पहिला, आपल्या रोजच्या रस्त्याचा. त्याचं रबर कडक असतं. तो हजारो किलोमीटर टिकतो, आणि त्यावरच्या खाचा पावसाचं पाणी बाजूला सारतात. दुसरा, शर्यतीचा 'स्लिक'. हा अगदी गुळगुळीत! खाचाच नाहीत, म्हणून जास्तीत जास्त रबर जमिनीला टेकतं. शिवाय ते रबर मऊ असतं आणि तापलं की चिकट होतं. कोरड्या रस्त्यावर याच्यासारखी पकड कुणाची नाही. पण पाऊस आला, की पाणी जायला वाट नाही! टायर पाण्यावर तरंगतो आणि गाडी होडीसारखी घसरते. तिसरा या दोघांच्या मधला, थोड्याच खाचांचा आणि मऊ रबराचा. त्याला 'सेमी-स्लिक' म्हणतात. ट्रॅक डेला जाणारे पुष्कळजण हाच निवडतात. तो पकडतो छान, पण झिजतोही भराभर. थंड असताना किंवा साचलेल्या पाण्यात तर तो साध्या टायरपेक्षाही कमी पडतो.

मग नवशिक्याने कोणता घ्यावा? तुम्ही म्हणाल, सर्वांत चिकट! पण जाणती माणसं उलट सांगतात. पहिल्या काही वेळा चांगल्या स्थितीतले साधे टायरच ठेवा. कारण साधा टायर सुटण्याआधी किंचाळतो, हळूहळू घसरू लागतो, म्हणजे सूचना देतो. तीही कमी वेगात. चिकट टायर बराच वेळ धरून ठेवतो आणि मग एकदम सोडतो, तेही जास्त वेगात. आधी बाराखडी, मग निबंध, हेच खरं.

तापलेली हवा

हवा तापली की प्रसरण पावते, हे तुम्ही विज्ञानात शिकलाच आहात. टायरच्या आत तिला पसरायला जागा नसते, म्हणून तिचा दाब वाढतो. २७ अंश तापमानाला ३० पौंड हवा भरलेला टायर ७७ अंशांपर्यंत तापला, तर दाब जवळजवळ ३७ पौंड होतो. टायर फुगतो आणि मधल्या भागावरच टेकू लागतो. पोस्टकार्ड लहान झालं ना! म्हणून ट्रॅकवर जाणारे थंड टायरमध्ये जरा कमी हवा भरतात, आणि काही फेऱ्या मारून आल्याबरोबर, टायर गरम असतानाच, पुन्हा दाब मोजतात.

(पालकांनी मात्र हा प्रयोग रोजच्या रस्त्यावर करू नये. गाडीच्या दाराच्या चौकटीवर हवेचा जो आकडा दिलेला असतो, तोच पाळावा, आणि तोही टायर थंड असताना मोजावा.)

सस्पेन्शन म्हणजे काय?

एस. टी. जोरात वळली की आपण सगळे बाहेरच्या बाजूला कलतो. गाडीचंही तसंच होतं. वळणावर बाहेरच्या चाकांवर भार वाढतो, आतल्या चाकांवर कमी होतो. दोन मुलांनी मिळून हंडा उचलला तर सहज उचलला जातो, पण सगळा भार एकावर टाकला की तो दमतो. टायरचंही तसंच आहे. भार दुप्पट झाला, म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही. एक टायर दमतो आणि दुसरा रिकामा बसतो, असं होऊ नये म्हणून गाडी जमिनीपासून थोडी खाली बसवतात. त्यामुळे भार कमी सरकतो.

चाक आणि गाडी यांच्यामध्ये स्प्रिंग असते. खड्डा आला की ती दबते आणि चाकाला जमिनीवर ठेवते. पण झोक्याला एकदा धक्का दिला की तो किती वेळ हलतो! तशीच नुसती स्प्रिंग गाडीला डोलवत ठेवील. तिला शांत करायचं काम शॉकॲब्सॉर्बर करतो. त्यातलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि हेलकावे जिरतात.

मग स्प्रिंग जितकी कडक तितकं चांगलं का? नाही! सपाट, नव्या मार्गावर कडक स्प्रिंग चालते, गाडी कमी कलते. पण न्यूरबुर्गरिंगसारख्या उंचसखल मार्गावर फार कडक स्प्रिंग लावली, तर चाक उंचवट्यावरून उडतं. तिथल्या एका भागाचं नावच 'फ्लूगप्लाट्झ' आहे, म्हणजे विमानतळ! हवेत असलेलं चाक ना वळू शकतं, ना थांबू शकतं.

आणखी एक गंमत. पहिलवान पाय फाकवून उभा राहतो, तशी ट्रॅकवरच्या गाडीची चाकं दिसतात. वरची बाजू आत, खालची बाहेर. याला 'कॅम्बर' म्हणतात. वळणावर गाडी कलली की बाहेरचं चाकही कलतं आणि फक्त बाहेरच्या कडेवर टेकतं. आधीच एक ते तीन अंश आत कललेलं चाक मात्र वळणावर बरोबर सपाट बसतं.

टायर बोलतो, ऐका!

हे सगळं जमलं की नाही, कळणार कसं? टायरच सांगतो. फेऱ्या मारून आल्याबरोबर त्याचं तापमान तीन जागी मोजतात: आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला. मधला भाग जास्त तापला, तर हवा जास्त आहे. दोन्ही कडा तापल्या, तर हवा कमी आहे. नुसती बाहेरची कड तापली, तर कॅम्बर वाढवायला हवा.

आणि नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहून ठेवायची. हवा, स्प्रिंग, कॅम्बर, सगळं एकदम बदललं, तर फायदा कशाने झाला ते कसं कळणार? प्रयोगवहीत आपण हेच करतो, नाही का?

ओला की कोरडा?

तरीही निसर्ग मोठा आहे. १ ऑगस्ट १९७६ ला न्यूरबुर्गरिंगवर फॉर्म्युला वन शर्यत होती. मार्ग इतका लांब, की काही भाग ओला तर काही कोरडा! बहुतेकांनी पावसाळी टायर लावून सुरुवात केली आणि लगेचच बदलून स्लिक लावले. दुसऱ्याच फेरीत जगज्जेता निकी लाउडाची गाडी भरकटून आदळली आणि पेटली. इतर चालकांनी आपल्या गाड्या थांबवून त्याला ओढून बाहेर काढलं. अपघाताचं नेमकं कारण अखेरपर्यंत निर्विवाद ठरलं नाही. लाउडा भयंकर भाजला होता, तरी सहा आठवड्यांनी तो पुन्हा शर्यतीत उतरला. त्या जुन्या लांब मार्गावर फॉर्म्युला वन शर्यत मात्र पुन्हा कधीच झाली नाही.

करून पाहा

सायकलच्या पुढच्या चाकाखाली जुनं वर्तमानपत्र ठेवा. टायर ओला करा. मित्राला सायकल धरायला सांगून सीटवर बसा. कागदावर उमटलेल्या ठशाभोवती रेघ काढा. आता थोडी हवा सोडून पुन्हा ठसा घ्या. चौकटींच्या कागदावर दोन्ही ठसे उतरवून चौकटी मोजा. कोणता मोठा आला, आणि का? झालं की हवा पुन्हा भरायला विसरू नका!

आणि हो, आज घरची गाडीही तपासा. कारच्या टायरच्या खाचांत मध्ये मध्ये आडवे छोटे उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे टायरचं आयुष्य संपलं. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असं लिहिलं असेल, तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. पावसाळ्याआधी हे दोन्ही बघा. टायरचा गोटा झाला असेल, तर आई-बाबांना सांगा, "शर्यतीतले लोक स्लिक लावतात ते कोरड्या ट्रॅकवर. आपल्याला भर पावसात घाटातून मामाकडे जायचंय!"

वेगाची हौस वाईट नाही. तिची जागा ट्रॅकवर आहे, आपल्या गल्लीत किंवा महामार्गावर नाही. आणि ट्रॅक असो की रस्ता, आपला सगळा भरवसा त्या चार पोस्टकार्डांवर असतो. मग घ्याल ना त्यांची काळजी?