नजर वळणापलीकडे

वेल्समधल्या डोल्गेथ्लायजवळचं कोएद अ ब्रेनिन हे जंगल मला फार प्रिय आहे. ब्रिटनमध्ये खास माउंटन बाइकसाठी वाटा बांधायची सुरुवात १९९०च्या दशकात इथूनच झाली. अशा वाटांचा रंग त्या किती अवघड हे सांगतो: हिरवी वाट सोपी, मग निळी, लाल आणि सर्वांत अवघड काळी. पाऊस इथे वर्षभर, तरी वाट चिखलात बुडत नाही. खाली दगड बसवलेले असतात आणि उतार असा, की पाणी बाजूला निघून जावं. ही कारागिरी सायकलवरून उतरून बघावी अशी!

अशा वाटेवर उतरताना सीटवरून उठायचं, दोन्ही पेडल एका पातळीत, कोपरे-गुडघे सैल. ब्रेक वळणाआधीच लावायचा. नजर पुढच्या चाकाला चिकटली की तोल ढळतो; ती वळणापलीकडे टाकली की सायकल आपसूक तिकडे वळते. नवख्यांनी मात्र निळीवरच मन भरेपर्यंत फिरावं. लाल वाटेवर झाडांची मुळं आणि दगडांच्या पायऱ्या लागतात.