पाठ टेका, पेडल मारा!

‘‘ही काय सायकल म्हणायची? ही तर खुर्ची!’’ आबांनी पहिल्याच नजरेत निकाल लावून टाकला.

पिंपळवंडीतल्या आमच्या अंगणात टेम्पोतून उतरवलेली ती वस्तू दिसत होतीही तशीच. लांब, जमिनीलगतचा दांडा, बारकी चाकं, रुंद सीट आणि सीटला चक्क पाठ! हँडल इतकं मागे वळवलेलं, की हात आपोआप आरामखुर्चीत बसल्यासारखे. आणि पेडल? सीटखाली नाही, चांगलं दीड-दोन फूट पुढे. हिला ‘सेमी-रिकम्बंट’ म्हणतात. आमच्या आळीने मात्र तिचं बारसं लगेच उरकलं... खुर्चीसायकल!

खरं तर मी ती आणली होती माझ्यासाठी. हिंजवडीत दहा वर्षं कॉम्प्युटरसमोर बसल्यावर कंबरेने राजीनामा दिला. वाकून चालवायची सायकल बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. झालं! वीकएंडचा एकुलता एक शौक संपला. मग एक कॉलेजमित्र आठवला. इंजिनिअरिंगला असताना तो ‘एफिसायकल’च्या टीममध्ये होता. एसएई इंडियाच्या या स्पर्धेसाठी कॉलेजची पोरं दोघांनी चालवायची, बॅटरीची जोड असलेली तीनचाकी बनवतात. पाठ टेकून पेडल मारायचं गणित त्याला तोंडपाठ. त्याने भोसरीत दोन जुन्या सायकली कापून-जोडून हे धूड उभं केलं. चेनसुद्धा दोन जोडून एक!

गणित सोपं आहे. साध्या सायकलवर तुमचा भार जातो चिंचोळ्या सीटवर आणि मनगटांवर. इथे पेडल पुढे सरकलं, म्हणून सीट खाली आणता येते. मनगटं मोकळी, मान ताठ, नजर समोर. जोर लावायचा तर पाठीला टेकून रेटा द्यायचा. आणि थांबलात की दोन्ही पाय सपाट जमिनीवर!

इतकं सोयीचं आहे, तर मग अशा सायकली रस्तोरस्ती का दिसत नाहीत? त्यासाठी पॅरिसला जावं लागेल. १९३३ च्या जुलैत फ्रान्सिस फॉर नावाच्या दुय्यम फळीतल्या खेळाडूने शार्ल मोशेने बनवलेल्या, मागे रेलून चालवायच्या सायकलवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं. ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मोडला! दिग्गजांना हे कसं पचावं? १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने शर्यतीची सायकल कशी असावी याची नवी व्याख्याच केली आणि रेलून चालवायची सायकल बाद! शर्यतीतून गेलेली गोष्ट दुकानातही सहसा येत नाही. तैवानच्या ‘जायंट’ने २००० च्या दशकात ‘रिव्हाइव्ह’ नावाची पाठवाली सायकल आणून पाहिली, पण तीही पुढे बंद झाली. आपल्याला वाटतं, सायकल म्हणजे वाकणं आलंच. प्रत्यक्षात तो शर्यतवाल्यांचा नियम. आपल्या पाठीला कुणी विचारलंच नव्हतं!

हे सगळं आबांना ऐकवलं. त्यांनी नुसतं ‘‘हं’’ केलं.

आबा बहात्तरचे. चाळीस वर्षं हँडलला दुधाचे कॅन अडकवून डेअरीला गेलेला माणूस. तीन वर्षांपूर्वी टांग मारताना तोल गेला, हात मोडला. तेव्हापासून सायकल गोठ्यात आणि आबा ओट्यावर. डेअरी सुटली, पारावरच्या गप्पा सुटल्या. ‘‘गाडीवर सोडतो’’ म्हटलं, की ‘‘मी काय पोतं आहे का, मागे टाकून न्यायला?’’ बोलणंही कमी होत चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे अंगणात पाहतो, तर खुर्चीसायकल गायब! आबाही गायब! काळजाचा ठोकाच चुकला. धावत पारापर्यंत गेलो. आबा सायकलवरच बसलेले... दोन्ही पाय जमिनीवर, पाठ मस्त टेकलेली, हातात चहाचा ग्लास आणि भोवती अख्खी मित्रमंडळी.

‘‘हिला टांग मारायची भानगडच नाही रे,’’ ते म्हणाले. तीन वर्षांत ते स्वतःहून बोललेलं इतकं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

तोटे नाहीत का? आहेत की! चढावर उभं राहून पेडल मारता येत नाही, त्यामुळे गिअर हवेतच. वजन जास्त. सुरुवातीला हँडल डगमगतं, पायांनाही नवी सवय लागायला काही आठवडे जातात. बसणं खाली, त्यामुळे नाशिक हायवेवर उसाच्या ट्रॉल्यांमध्ये घुसायचं नाही. मागे उंच झेंडा लावायचा. आणि बिबट्याचा मुलूख असल्याने आबांना आमचा नियम एकच – सातच्या आत घरात!

माझी कंबर? बरी आहे. पण सायकल कुठे मिळते? शनिवारी गावी गेलो की मला नंबर लावावा लागतो. पहिला नंबर आबांचा. डेअरीहून परत आल्यावर, मूड असेल तर, किल्ली माझ्याकडे येते!