पदवी हाती आली, सनदेचे काय?

"पास झाली ना पोरगी, मंग काळा कोट काहून नाई घालत?"

मेहकर तालुक्यातल्या एका घरी आम्ही बसलो होतो, तेव्हा मुलीच्या वडिलांनी हा प्रश्न केला. वडील हंगामात सोयाबीन सोंगायला जातात, एरवी गवंड्याच्या हाताखाली काम करतात. घरातली पहिलीच मुलगी एलएल.बी. झाली होती. वस्तीत पेढे वाटून झाले होते. मुलगी खाली मान घालून म्हणाली, "बाबा, अजून सनद काढायची आहे. त्याला पैसे लागतात." किती लागतात, हे मात्र तिलाही नक्की ठाऊक नव्हते. कोणी पंधरा हजार सांगितले होते, कोणी त्याहून जास्त.

वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न एकट्या त्या घरचा नाही. विद्यापीठ पदवी देते, वकिली करण्याचा अधिकार देत नाही. तो अधिकार १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्याप्रमाणे राज्याची बार कौन्सिल देते. आपल्यासाठी ती महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल, आणि तिचे कार्यालय मुंबईत. वयाची २१ वर्षे पूर्ण असावीत, पदवी मान्यताप्राप्त असावी, अर्ज भरून नाव नोंदवावे, की सनद मिळते. मुंबईच्या मोठ्या कचेऱ्यांतून 'सॉलिसिटर' हा शब्द आजही ऐकू येतो. त्यासाठी तिथे वेगळी उमेदवारी आणि वेगळी परीक्षा आहे. बुलढाणा, खामगाव, मलकापूरच्या न्यायालयात उभे राहायला त्याची गरज नाही. सनद पुरते.

आता पैशांचे. कायद्याच्या कलम २४ मध्ये नोंदणीची फी स्पष्ट लिहिलेली आहे. सर्वसाधारण उमेदवाराला राज्य कौन्सिलचे ६०० आणि भारतीय बार कौन्सिलचे १५० मिळून ७५० रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १०० अधिक २५, म्हणजे १२५ रुपये. मुद्रांक शुल्क लागत असेल तर ते वेगळे. असे असूनही देशभरातल्या कौन्सिली नाना नावांनी १५ हजारांपासून ४२ हजारांपर्यंत रक्कम घेत होत्या. अखेर ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार प्रकरणात निकाल दिला की, कायद्यात लिहिले आहे त्याहून एक पैसाही जास्त घेता येणार नाही, आणि अशी जादा फी गरीब व मागास घरातल्या मुलांची वाट अडवते. निकाल पुढच्या काळासाठी आहे, आधी भरलेले परत मिळत नाहीत. २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावले की, 'ऐच्छिक' म्हणूनही जादा रक्कम घेऊ नये. तेव्हा कोणी पंधरा हजारांचा आकडा सांगितला तर घाबरून सावकाराचे दार गाठू नका. आधी कलम विचारा.

पण १२५ रुपयांच्या सवलतीसाठी जातीचा दाखला लागतो, आणि इथे आपल्या घरांची खरी अडचण आहे. १९५६ नंतर आपल्या लोकांनी शाळेत 'बौद्ध' लिहिले, अभिमानाने लिहिले. बौद्धांना अनुसूचित जातीत केंद्राची मान्यता मात्र १९९० च्या कायद्याने मिळाली. त्यामुळे दाखला मिळवताना मूळ जातीचा पुरावा दाखवावा लागतो, तोही १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. आजोबांच्या शाळेची नोंद नसेल, कारण आजोबा शाळेतच गेले नसतील, तर तहसिलीतून जुन्या कोतवाल बुकाची नक्कल काढावी. त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी सापडतात. हे काम कायद्याच्या वर्गात प्रवेश घेतानाच उरका. राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्याला दाखल्याची पडताळणी करावीच लागते, आणि तोच दाखला पुढे सनदेला चालतो.

सनद मिळाल्यावरही एक पायरी उरते. अखिल भारतीय बार परीक्षा सनद मिळाल्यापासून दोन वर्षांत पास व्हावी लागते. तोवर तात्पुरती वकिली करता येते. १०० प्रश्न, पर्याय निवडायचे, चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, आणि टिपणे नसलेली कायद्याची मूळ पुस्तके सोबत नेता येतात. सर्वसाधारणांना ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. नापास झाले तर पुन्हा बसता येते. फक्त एक ध्यानात ठेवा: १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे आणि फौजदारी प्रक्रिया व पुरावा हेही कायदे बदलले आहेत. थोरल्या भावाची जुनी पुस्तके आता कामाची नाहीत.

पैशांची अडचण आपल्याला नवी नाही. बाबासाहेब लंडनहून बॅरिस्टर होऊन आले, तेव्हा १९२३ मध्ये सनदेसाठी त्यांच्याजवळ पैसे नव्हते. पारशी मित्र नवल भथेना धावून आले. सनद मिळाली, तरी सॉलिसिटर त्यांच्याकडे खटले द्यायला तयार नव्हते, कारण ते अस्पृश्य. त्या काळी उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटरने खटला दिल्याशिवाय बॅरिस्टरला उभे राहता येत नसे. बाबासाहेबांनी अपिलाच्या शाखेत आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या खटल्यांवर जम बसवला.

आज कोणी जात विचारून खटला नाकारतो असे उघड म्हणत नाही. पण ज्येष्ठ वकिलाकडे ज्युनिअर म्हणून दोन-तीन वर्षे काढताना हाती काय पडते? कधी बसभाडे, कधी तेही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय बार कौन्सिलने ज्युनिअरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असे पत्रक काढले. ती शिफारस आहे, सक्ती नाही. नियम असाही आहे की, पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. त्यामुळे पदवीनंतर हाती आलेली नोकरी सोडून कोर्टात जायचे, की सनद बाजूला ठेवायची, हा पेच गरीब घरातल्या मुलांपुढे येतो. आमच्या मते घरच्यांनी पेढ्यांच्या वेळीच या दोन-तीन वर्षांचा हिशेब मांडावा. शिक्षणाचा खर्च डोळ्यांपुढे असतो, शिक्षणानंतरचा दिसत नाही. ही वर्षे निघाली की पुढे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरही अर्ज करता येतो. तिथे तीन वर्षांच्या अनुभवाची अट आहे, आणि मोफत वकील मागायला येणाऱ्यांत आपलेच लोक असतात.

मेहकरच्या त्या घरी आम्ही कलम २४ ची ओळ कागदावर लिहून दिली. वडिलांनी ती दोनदा वाचून घेतली. मग म्हणाले, "सव्वाशे रुपये? एवढे तर माझ्या एका दिवसाच्या रोजातून निघतात." आणि उठून त्यांनी ट्रंकेतला दाखल्यांचा प्लास्टिकचा पुडका बाहेर काढला.